उन्हाळ्यात कुत्र्याला घेऊन जानापाव: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात मुलांना सुट्टी लागली की कुत्रा पाळलेल्या घरात एक मागणी हमखास येते: ‘याला पण डोंगरावर नेऊ या.’ जरूर न्या. इंदूरहून तासाभराच्या अंतरावर जानापाव आहे, चढ सोपा आहे, आणि कुत्र्याला रोजची गल्ली सोडून नव्या मातीचा वास मिळाला की त्याचा आनंद बघण्यासारखा असतो. फक्त एक गोष्ट मनात पक्की करून निघा. कुत्रा ‘आता पुरे’ म्हणत नाही. तुम्ही पुढे चालत राहिलात तर तुमच्यापासून मागे पडू नये म्हणून तोही चालत राहतो, आणि जेव्हा स्वतःहून बसतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. म्हणून कुठे थांबायचं, किती वाजता परतायचं हे आदल्या रात्री घरीच ठरवा. माथा आला नाही तरी ठरलेल्या वेळेला मागे फिरायचं. हे ज्याला जमेल त्यानेच उन्हाळ्यात कुत्र्याला डोंगरावर न्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जानापावच का

इंदूरच्या आसपास टेकड्या, धबधबे पुष्कळ. राळामंडळ सगळ्यांत जवळ, पण होळकरांची ती जुनी शिकारगाह १९८९ पासून अभयारण्य आहे. तिथे कुत्रा न्यायचा विचारच करू नका. पातालपाणी आणि तिंछा ही पावसाळ्यातली ठिकाणं. मे महिन्यात पाणी नावालाच असतं आणि सरळ तुटलेले कडे मात्र तिथेच असतात. वासामागे पळणाऱ्या कुत्र्यासाठी कड्याची जागा नकोच.

जानापावचा माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८५० मीटर आहे. इंदूर शहरच साडेपाचशे मीटरवर आणि पायथा गाठेपर्यंत गाडी आणखी थोडी चढलेली असते, त्यामुळे प्रत्यक्ष चढ दोन-अडीचशे मीटरच्या आसपास उरतो. सोबत लहान मुलं, आजी-आजोबा असले तरी जमण्यासारखा. दुसरं म्हणजे माथ्यापर्यंत गाडीरस्ता आहे. पायी चढणाऱ्यांना हे ऐकून थोडा विरस होतो, पण कुत्रा बरोबर असताना यासारखी सोय नाही. त्याचं काही बिनसलं तर गाडी त्याच्यापर्यंत येऊ शकते. पंचवीस-तीस किलोचा लॅब्राडोर दगडांवरून उचलून खाली आणणं दोघांनाही जड जातं.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. वाटेत महू लागतं, आणि महूला १९५५ पासूनचं सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघायच्या दोन-तीन दिवस आधी तिथल्या दवाखान्याच्या वेळा आणि सुट्टीच्या दिवशी काय व्यवस्था असते याची चौकशी करून ठेवा. महू नाहीतर राजेंद्र नगर-राऊकडचा एखादा खासगी डॉक्टरही हेरून ठेवा आणि नंबर घरातल्या दोघांच्या मोबाइलमध्ये टाका.

आपला कुत्रा जाण्यासारखा आहे का

इथे प्रेमापोटी डोळेझाक होते, म्हणून कडक बोलतो. पग, शिह त्झू, बुलडॉग, बॉक्सर यांसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात डोंगरावर नेऊ नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तो थोडासाच. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकून बाहेर टाकतो. ज्याचं नाकच आखूड, त्याची ही सोयच अपुरी. हस्की, सेंट बर्नार्ड यांना पावसाळा सरल्यावर न्या. वर्षाच्या आतलं पिल्लू, दहा वर्षांवरचा म्हातारा, गाभण कुत्री, हृदयाचा किंवा सांध्यांचा त्रास असलेला कुत्रा, हे सगळे घरीच बरे.

लॅब्राडोरचं काय? आपल्याकडे बहुतेक लॅब लठ्ठ असतात. पोळीचा तुकडा, दहीभात, पाहुण्यांनी प्रेमाने दिलेलं बिस्किट, सगळं त्याच्या अंगावर दिसतं. वरून हात फिरवल्यावर बरगड्या बोटांना लागत नसतील तर आधी वजन उतरवा, डोंगर दिवाळीनंतर चढा. या सहलीला सगळ्यांत लायक कोण म्हणाल तर आपला साधा देशी कुत्रा. अंगावर केस कमी, पाय लांब, आणि या हवेतच जन्मलेला.

पॉमेरियन, गोल्डन रिट्रीव्हर अशा दाट केसांच्या कुत्र्यांचे केस ‘उन्हाळा आहे’ म्हणून मुळापासून कापून टाकतात, तेही करू नका. तो दुहेरी थर अंगाचं उन्हापासून रक्षण करतो. रोज विंचरून गळलेले केस काढत राहिलात तरी पुष्कळ झालं.

आधीचे तीन-चार आठवडे

रोज फक्त कोपऱ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या कुत्र्याला एकदम डोंगरावर नेलं तर पाय धरतात आणि तळवे सोलतात. सकाळी सहाच्या आत अर्धा तास, मग पाऊण तास, मग तासभर चालवा. जमेल तेवढं फरशी-डांबर सोडून कच्च्या रस्त्यावरून न्या म्हणजे तळव्यांची कातडी घट्ट होते. एखादा चढाचा रस्ता हाताशी असेल तर उत्तम. याच दिवसांत त्याला हार्नेसची, म्हणजे छातीभोवती बांधायच्या पट्ट्याची, सवय लावा. गळ्यातल्या पट्ट्याला चढावर हिसका बसला की श्वासनळीवर ताण येतो, आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला तो नकोच.

लसीकरणाचं कार्ड काढून बघा. रेबीजची लस दर वर्षीची झालेली हवी. वाटेतल्या गावांत मोकळी कुत्री आहेत आणि वर माकडं. लेप्टोस्पायरोसिसची लस घेतली आहे का, हेही विचारा. डबक्यातलं, म्हशी बसलेल्या पाण्यातलं पाणी कुत्रा प्यायला तर हा आजार लागू शकतो. गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध किंवा गोळी डॉक्टर वजन बघून देतात. ती निघायच्या आदल्या रात्री आठवून उपयोग नाही, काही दिवस आधीच द्यावी लागते.

बरोबर काय घ्यायचं

पाणी, आणि वाटतं त्याच्या दुप्पट. कुत्र्याला एरवीच किलोमागे ५० ते ६० मिलिलीटर पाणी दिवसभरात लागतं, म्हणजे पंचवीस किलोच्या कुत्र्याला सव्वा ते दीड लिटर. चढताना धापा टाकून ते फार वेगाने उडतं. पाठीवरच्या पिशवीत एक लिटर त्याला पिण्यासाठी, एक लिटर त्याचं अंग ओलं करायला, तुमचं स्वतःचं वेगळं, आणि गाडीत पाच लिटरचा कॅन. जानापाव म्हणजे चंबळचा उगम, तेव्हा वाटेत पाणी मिळेलच, असं नवख्या माणसाला वाटतं. उन्हाळ्यात त्या भरवशावर निघू नका.

पसरट वाडगा, छोटा टॉवेल, बँडेजची पट्टी, बारीक चिमटा, टोकाची कात्री, कापूस, थर्मामीटर आणि शी उचलायच्या पिशव्या एवढं घ्या. २०१७ पासून स्वच्छतेत अव्वल म्हणवणाऱ्या शहराची माणसं आपण, डोंगरावरही ती सवय सोडायची नाही. पिशवी गाठ मारून परत खाली आणायची.

खाण्याचं सांगतो, कारण इंदूरकराची सहल म्हणजे खाणं आलंच. डब्यातले पोहे कुत्र्याला देऊ नका. त्यातला कांदा, शिजलेला असो की कच्चा, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी मोडतो. शेवेत मीठ-मसाला भरपूर, तहान आणखी वाढते. मुलांच्या हातातलं चॉकलेट, द्राक्षं, मनुका, बिनसाखरेचं च्युइंगम, हे सगळं त्याच्यासाठी विष आहे, आणि सहलीत मुलं प्रेमाने हेच भरवतात. मुलांना गाडीत बसण्याआधीच ताकीद द्या. कुत्र्यासाठी उकडलेलं अंडं किंवा त्याचं नेहमीचं कोरडं खाणं मूठभर घ्या. आणि एक लक्षात ठेवा: त्याला काही दुखलं-खुपलं तर आपल्या पर्समधलं पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन अजिबात द्यायचं नाही.

निघायची वेळ

उन्हाळ्यातही मालव्याची रात्र निवते, ‘शब-ए-मालवा’ची ख्याती त्यावरच आहे. मे महिन्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, पण पहाटे तो साधारण २४-२५ अंशांवर उतरलेला असतो. तेवढाच वेळ कुत्र्याचा. घरून पावणेपाचला निघा. आग्रा-मुंबई रस्त्याने राऊ आणि महू मागे टाकून मानपूरच्या दिशेने जायचं, मग जानापावचा फाटा. एकूण अंतर साधारण ४५ किलोमीटर. मे अखेरीस सूर्य पावणेसहाच्या सुमारास उगवतो. तुम्ही पायथ्याशी तेव्हाच पोहोचलेले असाल.

त्याच्या आधी, अंधारात टॉर्च घेऊन चढायची हौस करू नका. महू-मानपूरच्या जंगलपट्ट्यात बिबट्याचा वावर आहे आणि कुत्रा हे त्याचं सोपं भक्ष्य. चांगलं उजाडू द्या, मगच पहिलं पाऊल टाका.

रात्रीचं जेवण नेहमीसारखं द्या. सकाळी मात्र पोटभर नको. भरल्या पोटी पळापळ झाली की मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका असतो, आणि त्यात काही तासांत जीव जातो. गाडीत चादर अंथरा, त्याला मागच्या सीटवर हार्नेसने बांधा.

दिवस निवडताना पंचांग बघा. जानापाव ही जमदग्नी ऋषींच्या आश्रमाची आणि परशुरामाच्या जन्माची जागा मानतात. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात, अक्षय्य तृतीयेला, तिथे मोठी गर्दी लोटते. रविवारीही वर्दळ असतेच. शक्यतो आठवड्यातला मधला दिवस धरा. कार्तिकी पौर्णिमेच्या सुमाराला जत्रा भरते, तेव्हाही कुत्रा नको.

चढताना

घरच्यांपैकी एकाने गाडीजवळ थांबायचं, चावी आणि चालू मोबाइल घेऊन. हे काम नावडतं असलं तरी कुणाला तरी नेमून द्याच.

पायवाटेवरची सावली हा मोठा भ्रम आहे. नकाशावर हिरवं दिसतं, वाट जंगलातून आहे हेही खरं. पण इथलं जंगल सागाचं, पळसाचं. चैत्र-वैशाखात सागाची पानं गळून खाली पडलेली असतात आणि वर नुसत्या काड्या. म्हणजे सावली अशी नाहीच, उलट त्या वाळक्या पाचोळ्यात साप असू शकतो. म्हणून वाट सोडून पाचोळ्यात कुत्र्याला नाक खुपसू देऊ नका. पट्टा हातात, दीड-दोन मीटरच्या लांबीचा, पूर्ण वेळ. ‘आमचा बोलावलं की येतो’ हे वाक्य वानर दिसेपर्यंतच खरं असतं.

दर दहा मिनिटांनी थांबा. वाडग्यात थोडंसं पाणी द्या, घटाघटा पिऊ देऊ नका. मग त्याची जीभ बघा, हे मनापासून शिकून घेण्यासारखं आहे. नेहमीच्या धापेत जीभ बाहेर असते पण तिची ठेवण सैल, अरुंद. धाप ठरावीक तालात चालते आणि तोंड मिटून तो मध्येच गिळतो, कान टवकारतो, इकडेतिकडे बघतो. अंग तापायला लागलं की जीभ टोकाशी रुंद होत पळीसारखी पसरते, कडा वर वळतात, लाळ पातळ न राहता दोऱ्यासारखी चिकट लोंबते. ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी असेल तर ठीक. विटेसारखी लाल झाली असेल तर चढ तिथेच संपला. हिरडीवर बोट दाबून सोडा, पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवा. घरी कुत्रा आरामात असताना रोज हे बघून ठेवलंत तरच डोंगरावर फरक कळतो.

तो सावलीच्या दिशेने ओढायला लागला, दगडाच्या आडोशाला पोट टेकून पसरला, तर तेही सांगणंच आहे. त्याला ‘चल, चल’ म्हणून उठवू नका. पोटाला, जांघेत, पंजांना पाणी लावा, पाच मिनिटं बसा, धाप खाली आली नाही तर खाली उतरा.

कुसळांकडे लक्ष असू द्या. उन्हाळ्यात उतारावरचं गवत वाळून त्याची टोकदार कुसळं उडत असतात. बोटांच्या बेचक्यात, कानात, नाकपुडीत ती शिरतात आणि बाहेर न येता आत आत सरकतात. कुत्रा अचानक डोकं झटकू लागला, सारखा एकच पंजा चाटू लागला किंवा एकामागून एक शिंका आल्या तर तिथेच थांबून बघा. पंजातलं चिमट्याने निघतं, कानात खोल गेलेलं फक्त डॉक्टरांनी काढायचं.

गुरं भेटली तर वाटेच्या बाजूला होऊन कुत्र्याला आपल्या मागे घ्या आणि त्यांना आधी जाऊ द्या. गुराखी इथले आहेत, आपण पाहुणे.

माथ्यावर

वरून दिसतं त्याला तोड नाही. हा मालव्याच्या पठाराचा काठ. एका बाजूचं पाणी चंबळेतून यमुनेकडे जातं, दुसऱ्या बाजूचं चोरल, कारम अशा नद्यांतून नर्मदेला मिळतं. मुलांना हे तिथे उभं राहून दाखवा, पुस्तकात वाचण्यापेक्षा पक्कं लक्षात राहतं.

देवळाच्या आवारात आणि कुंडाजवळ कुत्र्याला न्यायचं नाही. लोक श्रद्धेने येतात. पाळीपाळीने दर्शन घ्या, एकाने कुत्र्याला घेऊन लांब सावलीत थांबा. माकडं खाण्याच्या पिशवीवर टपलेली असतात. कुत्रा भुंकून त्यांच्या अंगावर गेला तर टोळी उलटते आणि चावा खोल असतो. त्यामुळे वर शिदोरी सोडूच नका, खाणं खाली उतरल्यावर.

सात वाजता कुठेही असाल, माथ्यावर किंवा अर्ध्या वाटेवर, परतीचा विचार सुरू. साडेसातला पावलं उताराला लागलीच पाहिजेत.

उतरताना आणि गाडीत

उतारावर कुत्रा जोर करून ओढतो आणि पुढच्या पायांवर सगळा भार येतो. पट्टा आखूड धरून हळू चला. डांबरी रस्त्याने उतरणार असाल तर आधी हाताची पालथी बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. चटका बसला तर त्याच्या तळव्यांनाही बसणार. हवा तिशीत असतानाच उन्हातलं डांबर पन्नाशीच्या पुढे गेलेलं असतं. अशा वेळी कडेच्या मातीवरून चालवा, नाहीतर गाडी वर बोलावून घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

परतताना महूला चहा-नाश्त्याला थांबण्याचा मोह होतो. थांबा, पण कुत्रा बंद गाडीत ठेवून नव्हे. उन्हातल्या बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान दहा-अकरा अंशांनी चढतं; काच दोन बोटं खाली केल्याने फारसा फरक पडत नाही. कुणीतरी एकजण त्याच्याबरोबर बाहेर सावलीत.

ऊन लागलंच तर

तोल जाणं, ओकारी, डोळे तारवटणं, हाक मारली तरी न बघणं, कोसळणं. यातलं काहीही दिसलं तर घाई करा. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस असतं. ४० च्या पुढे गेलं की धोका, ४१ च्या पुढे आतले अवयव निकामी होऊ लागतात. सावलीत आडवा करा, अंगावर साधं पाणी ओता, पोट, जांघा आणि पंजे आधी, आणि टोपीने, वहीने, मिळेल त्याने वारा घाला. टॉवेल ओला करून पाठीवर पांघरून ठेवू नका. तो थोड्या वेळात गरम होतो आणि उष्णता आतच कोंडतो. शुद्धीवर असेल तर घोटभर पाणी, नसेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही. थर्मामीटर गुदद्वारातून लावून ३९.५ पर्यंत उतरलं की पाणी ओतणं थांबवा.

यानंतर तो उठून शेपूट हलवू लागला तरी डॉक्टरांकडे न्यायचंच. एसी पूर्ण चालू करून थेट महू. मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याचे बिघाड काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात.

साप चावल्याची शंका आली तर जखम कापू नका, दोरी बांधू नका. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या.

घरी आल्यावर

पाणी, सावली, झोप. जेवण तासाभराने, धाप पूर्ण शांत झाल्यावर. त्याआधी सगळं अंग बोटांनी चाचपा: कानाच्या आत आणि मागे, पट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या बुडाशी, बोटांच्या बेचक्यात. गोचीड सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढा. रॉकेल, तेल, पेटती काडी असले उपाय नकोत. तळवे कोमट पाण्याने धुऊन पुसा, भेगा बघा. दुसऱ्या दिवशी तो थोडा आखडलेला असणारच, तेव्हा फिरणं गल्लीपुरतं ठेवा.

गोचिडातून लागणारा ताप, म्हणजे गोचीड ताप, ती चावल्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी डोकं वर काढतो. तेवढे दिवस त्याच्यावर नजर ठेवा. खाणं कमी झालं, अंग तापलं, लंगडू लागला किंवा नाकातून रक्त दिसलं तर डॉक्टरांना आपणहून सांगा की अमक्या तारखेला जानापावला गेलो होतो आणि रक्ताची तपासणी करून घ्या. हा ताप सुरुवातीला पकडला तर गोळ्यांनी बरा होतो.